सातवी ब मधल्या दोन लाकडी पट्ट्या : माझ्या कृतिसंशोधनाचं वर्ष

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातला एखादा प्रश्न घेऊन त्यावर उपाय करून बघायचा आणि अहवाल लिहायचा, हे करावं लागतं, एवढं प्रवेश घेताना माहीत होतं. पण एप्रिल २०२४ मध्ये मार्गदर्शकांनी "विषय काय घेताय?" असं विचारलं, तेव्हा माझ्या एका हातात लोकसभा निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा आदेश होता आणि दुसऱ्या हातात अर्धवट निकालपत्रकं. पुण्याचं मतदान १३ मेला होतं. म्हणून म्हटलं, मेच्या शेवटी सांगते.

मी सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. डी.एड.वर लागले त्याला १४ वर्षं झाली. बी.एड. नोकरी सांभाळून चाललं होतं, म्हणजे संपर्कसत्रं सुट्टीत आणि स्वाध्याय रात्री. माझ्यासारखी कुणी आत्ता ह्याच टप्प्यावर अडकली असेल, तर तिच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतेय. सरकारी कागदांसकट.

विषय खरं तर मार्चमध्येच मिळाला होता, मला तो उशिरा कळला. घटक चाचणीत एका मुलाने कोरा पेपर दिला. मुलगा हुशार नाही, पण अगदी कोरा देण्यातला नव्हता. तासानंतर बाजूला घेऊन विचारलं, तर खाली बघत म्हणाला, "बाई, चुकलं की तुम्ही मोठ्यांदा वाचता." खरंच वाचत होते मी. कुणाची कशी गंमतशीर चूक झाली ते वर्गाला सांगायचं, सगळ्यांनी हसायचं, चूक लक्षात राहते असा माझा समज होता. मुलांच्या लक्षात राहत होतं, पण गणित नव्हे.

मार्गदर्शकांना सांगितलं, मुलांच्या वर्गातल्या मानसशास्त्रीय गरजांवर काहीतरी करायचंय. ते लगेच म्हणाले, "मॅस्लो घ्या. सगळे घेतात, संदर्भ तयार मिळतात." मॅस्लो ह्या मानसशास्त्रज्ञाची ती १९४३ ची गरजांची उतरंड, खाली भूक-तहान आणि वर आत्मविकास, आम्हाला पहिल्या वर्षालाच होती. पण ४६ मुलांच्या वर्गात उतरंडीची कुठली पायरी मी बदलू शकते, तेच मला दिसेना. मग डेसी आणि रायन ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा स्वयंनिर्धारण सिद्धांत वाचनात आला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणसाच्या मुळातल्या मानसिक गरजा तीन : आपल्या करण्यावर आपला काही ताबा असणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं, आणि आपण इथे कुणाचे तरी आहोत असं वाटणं. पुस्तकी भाषेत स्वायत्तता, क्षमता आणि आपलेपणा. तिन्ही गोष्टी ३५ मिनिटांच्या तासात मोडता येतात हे मला ठाऊक होतं, कारण मी त्या मोडत होते. म्हणजे जोडताही येत असणार.

मंजूर झालेलं शीर्षक असं : 'इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांच्या गणित तासिकेतील मानसशास्त्रीय गरजांच्या पूर्ततेसाठी राबवलेल्या उपक्रमांच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. एका दमात म्हणून बघा. 'परिणामकारकतेचा अभ्यास' हे शब्द शेवटी आले नाहीत तर आराखडा परत येतो, एवढं लक्षात ठेवा. माझा एकदा आला.

१५ जूनला शाळा सुरू झाली. १८ तारखेला मुख्याध्यापकांकडे परवानगीचा अर्ज दिला. सर वाचून म्हणाले, "बाई, गरजा पुरवा हो, पण सप्टेंबरअखेर मसावि-लसावि आणि परिमेय संख्या संपल्या पाहिजेत." अर्जाला मी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ चा आधार जोडला होता. मूल भीती, दडपण आणि चिंतेपासून मुक्त असावं, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं, असं तिथे लिहिलेलं आहे. त्याचा उपयोग झाला. कायद्याचं कलम दिसलं की फाईल जरा सरळ चालते. मधे पालख्या मुक्कामाला आल्या आणि परवानगी हातात पडायला ३ जुलै उजाडला. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का तिथल्या तिथे मारून घ्या. माझ्या अहवालाच्या परिशिष्टात हाच कागद आधी राहिला होता आणि तो लिपिकांच्या टेबलावर शोधण्यात एक अख्खी दुपार गेली.

पालकांची संमती ६ जुलैच्या पालकसभेत घेतली. ४६ पैकी २९ पालक आले. उरलेल्यांच्या सह्या यायला दहा दिवस लागले. एका वडिलांनी विचारलं, "मानसिक म्हणजे? माझ्या पोराला काय झालंय?" तेव्हापासून मी पालकांशी बोलताना तो शब्दच टाळला. 'मुलांना गणिताच्या तासाला कसं वाटतं' एवढंच म्हणायचे.

प्रश्नावलीने मला सगळ्यात जास्त छळलं. इंग्रजीतल्या विधानांवरून मराठीत २४ विधानं तयार केली. उलट अर्थाची विधानं घालायची असतात, म्हणून एक विधान असं झालं : 'मला वर्गात मत मांडता येत नाही असे मला वाटत नाही.' अ तुकडीतल्या सहा मुलांवर आधी चाचपणी केली, तर त्यातली एक मुलगी म्हणाली, "बाई, हे व्याकरणाचं आहे का?" पाच विधानं काढून टाकली. पर्यायही पाचावरून तीनवर आणले : नेहमी, कधीकधी, कधीच नाही. तीन तज्ज्ञांचे सहीनिशी अभिप्राय लागतात. दोघांचे चार दिवसांत आले, तिसऱ्यांचे चोवीस दिवसांनी. त्यांच्याकडे मी आधी जायला हवं होतं. तुम्ही सगळ्यात व्यग्र माणसाकडे सगळ्यात आधी जा.

१९ जुलैला पूर्वचाचणी घेतली, म्हणजे उपक्रम सुरू करण्याआधी हीच प्रश्नावली भरून घेतली. नाव लिहायचं नाही असं तीनदा सांगितलं, फळ्यावर लिहिलं, तरी अकरा जणांनी नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, सगळं घातलं. एकाला विचारलं तर म्हणाला, "नाव नाही घातलं तर मार्क कसे देणार?"

नाव नको म्हणून मी संकेत दिला होता : आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा आकडा. छान वाटली होती कल्पना. फेब्रुवारीत उत्तरचाचणीला, म्हणजे उपक्रमांनंतर तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेताना, अर्ध्या वर्गाचे संकेत जुळेनात. कुणी आईचं माहेरचं नाव धरलेलं, कुणी तारखेऐवजी महिना. त्यामुळे एकाच मुलाचा आधीचा आणि नंतरचा कागद जोडीने लावून काढायचं टी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे तपासायचा आकडा) मला काढताच आलं नाही, नुसत्या मध्यमानावर म्हणजे सरासरीवर आणि शेकडेवारीवर भागवावं लागलं. संकेतांची यादी बंद पाकिटात घालून लिपिकांच्या कपाटात ठेवायची, एवढं सोपं होतं.

पूर्वचाचणीतून आलेले आकडे काही वाचण्यासारखे नव्हते. 'चुकलं तरी विचारायला मला भीती वाटत नाही' ह्याला 'नेहमी' म्हणणारे नऊ. मी त्या रात्री जेवताना गप्प होते.

आणि मग २५ जुलै. पुणेकरांना तो गुरुवार आठवत असेल. खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं, एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी, शाळांना सुट्टी. माझ्या वर्गातल्या चार मुलांच्या घरात पाणी शिरलं होतं. शाळा पुन्हा भरली तेव्हा एक मुलगी ओल्या वह्यांची पिशवी घेऊन आली, पानं एकमेकांना चिकटलेली. मी आराखड्यात 'आपलेपणा' हा घटक डिसेंबरसाठी ठेवला होता, कारण तक्ता तसा सुटसुटीत दिसत होता. तिच्या वह्या पंख्याखाली वाळत घालताना मुलांनीच ठरवलं की कोण तिला कुठल्या विषयाचं उतरवून देणार. तक्ता मी त्याच दिवशी खोडला.

आता हे नावांचं प्रकरण. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी हजेरीपटाची एक झेरॉक्स जवळ ठेवली आणि दिवसभरात ज्या मुलाला नावाने हाक मारली त्याच्यापुढे तास संपल्यावर ठिपका दिला. हजेरीचं नाव मोजायचं नाही, त्याव्यतिरिक्त. शनिवारी मोजलं. तेरा नावांपुढे एकही ठिपका नव्हता. सहा दिवस ही तेरा मुलं माझ्यासमोर बसली, वह्या दिल्या, घरी गेली, आणि मी त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. एका मुलापुढे १९ ठिपके होते, त्यातले बहुतेक 'गप्प बस' ह्या शब्दांच्या आधीचे.

तुम्हाला ह्या सगळ्यातून एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही करा. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही.

अर्थात ठिपके दिसले म्हणून लगेच सगळं बदलत नाही. मी त्या तेरा जणांना ठरवून हाका मारायला लागले आणि ते ठरवलेलं त्यांना कळत होतं. एक मुलगी मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "बाई, आज तुम्ही माझं नाव दोनदा घेतलंत. माझं काही चुकलं का?" पुढचे दोन आठवडे मी फक्त वही परत देताना नाव घेत होते, आणि वहीतलं काहीतरी बघून एक वाक्य. तेवढं चाललं.

स्वायत्ततेसाठी मी सूचनापेटी ठेवली. मिठाईचा खोका, वर चीर. प्रश्न होता : गणिताच्या तासाला काय बदललं तर तुला बरं वाटेल? मला वाटलं होतं, खेळ घ्या, कमी गृहपाठ द्या, असं येईल. तेही आलं. पण ४६ चिठ्ठ्यांपैकी १८ चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या होत्या. एका चिठ्ठीत नुसतं 'शू' एवढंच लिहिलेलं. दुसरीत : 'तुम्ही आत्ताच सुट्टी झाली म्हणता पण सुट्टीत रांग असते.' तिसरी मुलीची असावी : 'मी सकाळी पाणी पीत नाही मग विचारावं लागत नाही.'

शिक्षकखोलीला लागून आमचं वेगळं स्वच्छतागृह आहे आणि त्याची किल्ली आमच्याकडे असते. स्वायत्तता ह्या शब्दाची कार्यात्मक व्याख्या मी अहवालात अडीच पानं लिहिली होती.

सुताराकडून दोन लाकडी पट्ट्या करून आणल्या, १२० रुपये. एकीला लाल रिबीन, एकीला निळी. दाराजवळ खिळ्याला टांगल्या. पट्टी जागेवर असेल तर कुणालाही न विचारता उचलायची, परत आलं की टांगायची. एका वेळी एक मुलगा, एक मुलगी. मुख्याध्यापकांना आधी तोंडी सांगितलं, ते म्हणाले, "आठवडाभर बघू."

पहिल्या दिवशी एका तासात चौदा जण गेले. दुसऱ्या दिवशी बारा. मजल्यावरच्या मावशी वैतागून म्हणाल्या, "बाई, तुमच्या वर्गाला जुलाब लागलेत का?" तिसऱ्या दिवशी एक पट्टी शेजारच्या वर्गात क्रिकेटची बॅट झालेली सापडली. मी पट्ट्या काढायच्या बेतात होते. पण मुलांना खरंच जाऊ देतात की नाही हे बघायचं होतं, आणि ते बघून झाल्यावर त्यांचं जाणं आपोआप कमी झालं. दुसऱ्या आठवड्यात एका तासाला दोघंतिघं. पहिले चार दिवस दात-ओठ खाऊन काढा, बाकी काही करावं लागत नाही.

गृहपाठात निवड देण्याचा प्रयोग मात्र सपशेल फसला. 'पाचपैकी कुठलीही तीन गणितं सोडवा' म्हटलं, तर ४६ वह्यांत पहिली तीन. विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "तुम्हीच सांगा ना बाई कुठली. मग चुकलं तर आमची चूक नसते." निवड ही त्यांना मजा नव्हे, जबाबदारी वाटत होती, आणि चुकण्याची भीती असेल तर जबाबदारी कोण घेणार? म्हणून निवडीचं पुढे ढकललं आणि चुकांचं आधी घेतलं.

तपासताना लाल फुली बंद केली. हिरव्या पेनाने जिथपर्यंत बरोबर आहे तिथे एक खूण, आणि शेजारी 'इथपर्यंत बरोबर'. समजा ३/४ + ५/६ आहे. मुलाने छेद १२ करून ९/१२ + १०/१२ पर्यंत नीट आणलं आणि पुढे छेदांचीही बेरीज करून १९/२४ लिहिलं. आधी मी ह्याला शून्य देऊन पुढे जायचे. आता खूण १०/१२ च्या पुढे, आणि त्याला दिसतं की आपण नेमके कुठे घसरलो. ह्याला वेळ लागतो, हे लपवत नाही. ४६ वह्या पूर्वी ५० मिनिटांत होत, आता पावणेदोन तास. म्हणून रोज बाराच वह्या, चार दिवसांत वर्ग पूर्ण. मोठ्यांदा चूक वाचणं बंद केलंच. त्याऐवजी फळ्यावर मी स्वतः एक चुकीचं गणित सोडवायचे आणि मुलं घसरण शोधायची. त्यात फार उत्साह. शिक्षकाची चूक काढायला कोणाला आवडत नाही!

बक्षिसांचं थोडक्यात सांगते. डेसींचा १९७१ चा प्रयोग वाचला होता : कोडी सोडवण्याचे पैसे दिलेल्या विद्यार्थ्यांचा, पैसे बंद झाल्यावर, कोड्यांतला रस कमी झाला. लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असं आधी सांगितलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रं कमी काढू लागली. हे वाचून मी उत्साहात एका सोमवारी चिकटवायचे स्टार बंद केले. मुलांनी विचारलं, "संपले का बाई? अप्पा बळवंत चौकात मिळतात." वर्गणी काढायला निघाली होती. मग दिवाळीपर्यंत हळूहळू कमी केले.

नोव्हेंबर विधानसभेने खाल्ला. प्रशिक्षणं, साहित्यवाटप, २० तारखेचं मतदान. मी नसताना बदली तासाला आलेल्या सहकाऱ्यांनी पट्ट्या काढून कपाटात ठेवल्या. त्यांच्या दृष्टीने त्यांचं बरोबर होतं, कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मुलं मला काही बोलली नाहीत. पण पाठ्यपुस्तकातल्या 'माझी नोंद'च्या कोऱ्या पानांवर मी आठवड्याला दोन ओळी लिहायला सांगत असे, तिथे सापडलं : 'बाई नसताना पट्टी नव्हती. परत विचारावं लागलं.' अशा ओळी सहा जणांच्या. अहवालाच्या 'मर्यादा' ह्या भागात हे लिहिलं. तुमचा उपक्रम कुठलाही असो, बदली शिक्षकांसाठी एक ओळ दाराच्या आतून चिकटवून ठेवा.

डिसेंबरात निवड पुन्हा आणली, ह्या वेळी मिसळीच्या भाषेत. कमी तिखट, मध्यम, झणझणीत. सरळव्याजाचं साधं उदाहरण, मुद्दल काढायचं उदाहरण, आणि घरातल्या कुणाच्या तरी खऱ्या कर्जावरून स्वतः तयार केलेलं उदाहरण. 'कमी तिखट' घेण्यात पुण्यात कुणाला कमीपणा वाटेल अशी धास्ती होती आणि ती खरी ठरली; पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाने झणझणीत घेऊन तोंड पोळून घेतलं. नंतर आपापली चव सापडली. कोऱ्या पेपरच्या प्रसंगातला मुलगा तोवर आठवीत गेला होता, त्याच्यावर काही करता आलं नाही हे इथे लिहून ठेवते.

उत्तरचाचणी १४ फेब्रुवारीला. 'भीती वाटत नाही'ला 'नेहमी' म्हणणारे नवावरून एकवीस झाले. 'वर्गात मला काही ठरवता येतं' हे मात्र अकरावरून चौदाच. गणिताच्या गुणांत सांगण्यासारखा फरक नाही. मार्गदर्शकांनी सुचवलं, की गुणांचा तक्ता नाही जोडला तरी चालेल. मी जोडला. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच आला, आणि तक्ता समोर होता म्हणून उत्तर देणं सोपं गेलं.

खर्चाचा हिशोब : दोन्ही वेळच्या प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स २७६, मराठी टायपिंग ६२ पानांचे ३० रुपयांप्रमाणे १,८६०, तीन प्रतींची छपाई ५५८, काळी बांधणी आणि सोनेरी अक्षरं ७५०, पट्ट्या १२०, हिरवी पेनं ६०. एकूण ३,६२४ रुपये. टायपिंग स्वतः केलं असतं तर निम्म्यात झालं असतं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, १५ मार्चला अहवाल जमा केला आणि २२ तारखेला तोंडी परीक्षा झाली. बाह्य परीक्षकांनी टी-मूल्य कुठे आहे विचारलं. मी आईच्या माहेरच्या नावाची गोष्ट सांगितली. ते हसले, पण गुण कापले असणार.

त्यानंतरच्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. मधल्या सुट्टीत आठवीतली दोन मुलं सातवी ब च्या दाराशी उभी, माझीच गेल्या वर्षीची. एकाचा हात खिळ्याकडे. "बाई, आमच्या वर्गात नाहीये. इथली घेऊन गेलो तर चालेल का? आणून लावतो परत." आठवीचे वर्गशिक्षक वरच्या मजल्यावर होते. मी पट्टी त्याच्या हातात दिली आणि त्यांच्याशी बोलायला जिन्याकडे निघाले.